ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि कोकणातली थंडी

टॉर्क कन्व्हर्टरवर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागावर) चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गार असताना गिअर उशिरा पकडतो, वरचा गिअर टाकायला रेंगाळतो आणि इंजिनाचा आवाज नेहमीपेक्षा चढा राहतो. तेल तापले की हे आपोआप थांबते. कोकण किनारपट्टीवर हा प्रकार अगदी सौम्य असतो, तरी दापोलीला मुक्कामी आलेला एखादा पाहुणा डिसेंबरातल्या सकाळी ‘गाडीला काहीतरी झालंय’ म्हणून गॅरेज शोधू लागतो.

खरे तर किनाऱ्यावर थंडी म्हणावी अशी पडतच नाही. समुद्र शेजारी असल्याने रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले इथे पहाटेचा पारा सहसा १५ अंशांच्या वरच असतो. दापोली मात्र सुमारे ८०० फूट उंचीवर आहे. तिथे तो अधूनमधून १० अंशांखाली उतरतो. ६९० मीटरवरची आंबोलीही तशीच गार.

कारण तेलात आहे. या गिअरबॉक्समधले तेल, म्हणजे एटीएफ, केवळ वंगण नसते. इंजिनाची ताकद तेच पुढे पोचवते आणि आतले क्लच दाबून धरण्याचे कामही त्याच्याच दाबावर चालते. दापोलीच्या गारठ्यात खोबरेलाची बाटली थिजते, कारण खोबरेल २४ अंशांच्या आसपासच गोठू लागते. एटीएफ तसे थिजत नाही (त्याची परीक्षा उणे ४० अंशांवर घेतात), पण जाड होते. आजच्या पातळ तेलांतही १०० अंशांना ६ सेंटिस्टोक्स असलेली श्यानता (दाटपणा) ४० अंशांना सुमारे ३० असते. पहाटेच्या गारव्यात ती आणखी वाढते. जाड तेल अरुंद वाटांतून सावकाश सरकते, म्हणून क्लचवर दाब यायला वेळ लागतो.

हे सगळ्यात स्पष्ट दिसते ते रिव्हर्सला. काचेवर दव साचलेले, ब्रेकवर पाय. ‘आर’ टाकला तर क्षणभर काहीच घडत नाही, मग बारीकसा दणका देऊन गाडी मागे सरकू पाहते. मागे चिऱ्याचा गडगा असेल तर त्या क्षणी ॲक्सिलरेटरला पाय लावू नये.

उरलेले वागणे मुद्दाम ठरवलेले असते. इंजिन आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावेत म्हणून संगणक खालचा गिअर जास्त वेळ धरतो. इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लचही तेल पुरेसे कोमट होईपर्यंत तो लावत नाही. गाडी उभी ठेवून घुरघुरवत बसल्याने गिअरबॉक्स फारसा तापत नाही. अर्धा मिनिट थांबून पहिले काही किलोमीटर हलक्या पायाने चालवणे बरे. सकाळी आंबोलीहून थेट सावंतवाडीचा घाट उतरायचा असेल तर लॉक-अप नसल्याने इंजिनाची अडवणूक कमी मिळते, शिवाय उतारावर इंजिन लवकर तापतही नाही. तेव्हा खालचा गिअर हाताने निवडावा, ब्रेकवर सगळा भार टाकू नये.

किनाऱ्यावर १८-२० अंशांत दणके बसत असतील, किंवा गाडी तापल्यावरही ते थांबत नसतील, तर दोष थंडीला देण्यात अर्थ नाही. तेल कमी किंवा जुने झालेले असण्याची शक्यता आधी पाहावी. ज्या गाड्यांना डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) आहे त्यांत पातळी कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच, बहुधा तेल गरम असताना, बघतात. तेल तापून फुगते. गार असताना कमी दिसले म्हणून वर ओतले तर नंतर ते जास्त होऊन फेसाळते आणि दाब पुन्हा ढासळतो.

सीव्हीटीमध्ये, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये, पट्टा आणि पुली असल्या तरी दाब तेलाचाच, त्यामुळे तिथेही थोडाफार हाच अनुभव. एएमटीचे प्रकरण वेगळे. २०१४ च्या सेलेरिओपासून छोट्या गाड्यांत पसरलेला हा प्रकार म्हणजे मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअरचे काम यंत्र करते. गिअर बदलताना गाडीत बसलेल्यांची जी मान डोलते ती मे महिन्यातही तितकीच डोलते.