मातेचे वजन आणि सुरुवातीचे स्तनपान

गरोदरपणाआधी आईचे वजन किती होते, यावर बाळंतपणानंतर दूध कधी उतरते हे काही प्रमाणात अवलंबून असते. अंगाने भरलेल्या बाईला दूध भरपूर आणि काटकुळीला कमी, असा समज नाशिककडेही घराघरांत आहे. पहिल्या आठवड्यात अनुभव बऱ्याचदा उलटा येतो.

वार पडली की रक्तातले प्रोजेस्टेरॉन (गरोदरपण टिकवणारे संप्रेरक) झपाट्याने उतरते, प्रोलॅक्टिन या दूध तयार करवणाऱ्या संप्रेरकाला वाट मोकळी होते आणि साधारण दोन-तीन दिवसांत पान्हा फुटतो. तोवर येतो तो चीक: घट्ट, पिवळसर, थेंबाथेंबाने. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चहाचा चमचाभरच मावते, त्यामुळे तेवढा चीक पुरतो. ७२ तास उलटूनही स्तन भरून आले नाहीत, तर दूध उतरायला उशीर झाला असे मानतात. लठ्ठ मातांमध्ये हे जास्त आढळते. बाळ ओढू लागल्यावर वाढायला हवे तेवढे प्रोलॅक्टिन त्यांच्यात सुरुवातीला वाढत नाही. इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, हेही एक कारण. त्यात सिझेरियनचे प्रमाण या गटात अधिक, म्हणून बाळ छातीशी यायलाच वेळ लागतो. भारतीयांसाठी बॉडी मास इंडेक्स (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. १५५ सेंमी उंचीच्या बाईला साधारण ६० किलोलाच लठ्ठपणाची ही रेषा लागते.

बहुतेकींना दूध येते, फक्त उशिरा. खरी अडचण तिसऱ्या दिवशी होते. बाळ रडते, भेटायला आलेली एखादी आत्याबाई ‘हिला दूधच नाही’ म्हणते आणि वरच्या दुधाचा डबा घरात येतो. बाळ अंगावर कमी ओढते, म्हणून दूध आणखी कमी होते. वास्तविक याच दिवसांत दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजायला हवे. बाळ ओढत नसेल तर हाताने चीक काढून वाटी-चमच्याने द्यावा. स्तन जड असल्यास मांडीवर घेऊन पाजणे अवघड जाते. अशा वेळी कुशीवर झोपून पाजावे, किंवा बाळाचे पाय आईच्या काखेखालून मागे घेऊन त्याचे डोके तळहातावर धरावे. स्तनाखाली गुंडाळलेला पंचा ठेवला की बोंडी दिसते आणि दुसरा हात मोकळा राहतो. दूध पुरते की नाही, हे लंगोटावरून कळते: पाचव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा अधिक ओले. जन्मवजन १० टक्क्यांहून अधिक घटले, तर मात्र डॉक्टरांना गाठावे. तेव्हा वरचे दूध द्यावे लागले तर त्यात कमीपणा नाही.

बाजरीची भाकरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू बाळंतिणीने जरूर खावेत. मात्र उशिरा उतरणारे दूध नेमके पाचवीच्या पूजेच्या आसपास येते आणि श्रेय अळिवाला जाते.

कमी वजनाच्या मातांचे चित्र वेगळे. पेठ, सुरगाणा या नाशिकच्या आदिवासी तालुक्यांतल्या पाड्यांवरच्या किडकिडीत बाईलाही सहसा पुरेसे दूध येते. झीज होते ती तिच्या अंगाची. दूध तयार करायला रोज सुमारे ५०० कॅलरी जास्तीच्या लागतात. आदिवासी क्षेत्रातल्या गरोदर व स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून अंगणवाडीमार्फत एक वेळचे पूर्ण जेवण मिळते, ते यासाठीच. दुधातली काही जीवनसत्त्वे थेट आईच्या ताटावर अवलंबून असतात. नागलीतून (नाचणीतून) कॅल्शियम मिळते, बी-१२ मिळत नाही. त्यासाठी दूध, अंडी किंवा मासे लागतात.