बुधनची गोष्ट बडोद्याला कशी आली

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात आजी मधूनच ओरडायची, "छारे आलेत, कडी लावा रे", आणि आम्ही पोरं धावत जाऊन कडी लावायचो. छारा म्हणजे गुजरातेतली एक जमात, चोर म्हणून शिक्का बसलेली. छारा माणूस प्रत्यक्ष बघितला होता का कुणी? कुणीच नाही, आजीनेपण नाही बहुतेक.

ही भीती आली कुठून तर १८७१ मधून. इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, म्हणजे माणसाने काही करायच्या आधीच अख्खी जमात चोर, मग पोलिसांकडे हजेरी लावा, परवानगीशिवाय हलू नका, पुढे तर वसाहतीत कोंडणंपण आलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती त्यातून सुटल्या म्हणून 'विमुक्त', पण त्याच सुमारास सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि संशय होता तिथेच राहिला. मराठीत हे जगणं आतून लिहिलं लक्ष्मण गायकवाडांनी, 'उचल्या'त, १९८७ साली.

बडोद्यात गणेश देवी, मूळचे भोरचे, सयाजीराव विद्यापीठात इंग्रजी शिकवायचे, १९९६ मध्ये ते सोडून 'भाषा' संस्थेत पडले, म्हणजे आदिवासींच्या बोली, गाणी, कथा त्यांच्याच तोंडून गोळा करायच्या. पुढे गुजरातेतच तेजगढला आदिवासी अकादमी झाली तीपण यातूनच.

आणि मग फेब्रुवारी १९९८. पश्चिम बंगालात पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर कोठडीत मेला, शबर हीपण तशीच शिक्का बसलेली जमात, सांगितलं काय तर गळफास घेतला. इथे गावकऱ्यांनी जे केलं ना ते मला सगळ्यात भारी वाटतं, प्रेत घरातच पुरून ठेवलं आणि दाखवायला पुतळा जाळला, म्हणून तर दुसऱ्यांदा पोस्टमॉर्टेम होऊ शकलं. शबरांसाठी झटणाऱ्या बंगाली लेखिका महाश्वेतादेवी प्रकरण घेऊन कोलकाता हायकोर्टात गेल्या, कोर्टाने सीबीआय चौकशी आणि बुधनच्या बायकोला भरपाई द्यायला सांगितलं.

त्याच मार्चमध्ये महाश्वेतादेवी बडोद्याला व्याख्यानाला आल्या होत्या, विषय विमुक्त जमाती. तिथूनच देवी, गायकवाड आणि त्या असे मिळून विमुक्तांच्या हक्कांसाठी कृती गट उभा राहिला, आणि मंडळी अहमदाबादच्या छारानगरला पोचली. तिथल्या पोरांना आधी हवी होती लायब्ररी, नाटक नंतर सुचलं. तिथल्याच दक्षिण बजरंगेंनी 'बुधन' हे नाटक लिहिलं आणि ३१ ऑगस्ट १९९८ ला छारा पोरांनीच ते केलं, बंगालातल्या शबराची गोष्ट गुजरातच्या छाऱ्यांनी, कारण कोठडी दोघांच्या ओळखीची.

आजी तेव्हा होती. नाटकाचं तिला सांगितलं तर म्हणाली, "छारे नाटक करतात?", आणि मग बराच वेळ काही बोललीच नाही.