प्राचीन दैनंदिन जीवनाचा पुरातत्त्वीय अभ्यास

प्राचीन काळातील सामान्य माणसे काय खात, कशी राहत, कोणती कामे करत आणि कशाने आजारी पडत, याचा भौतिक अवशेषांवरून घेतलेला शोध. राजे, युद्धे आणि दाने यांची नोंद शिलालेख-ताम्रपटांत सापडते. रोजचा स्वयंपाक किंवा दळण कोणी कोरून ठेवत नाही. त्यामुळे या अभ्यासाचा मुख्य आधार म्हणजे लोकांनी टाकून दिलेल्या वस्तू. फुटकी खापरे, चघळलेली हाडे, चुलीतली राख आणि शौचखड्ड्यांतला गाळ यांतून जे कळते, ते सोन्याच्या दागिन्यांतून सहसा कळत नाही.

वस्तू कोणती, याइतकेच ती कोणत्या थरात, कशाच्या शेजारी पडली होती याला महत्त्व असते. जागेवरून उचललेले मडके संग्रहालयात शोभून दिसते, पण त्याची निम्मी साक्ष गेलेली असते. इस्राएलमधील गॅलिली सरोवराकाठच्या ओहालो-२ या स्थळी सुमारे २३,००० वर्षांपूर्वीच्या झोपड्या जळाल्या आणि पुढे पाण्याखाली गेल्या. १९८९ मध्ये सरोवराची पातळी खाली गेल्यावर त्या उघड्या पडल्या. एका झोपडीत दळण्याच्या दगडाभोवती गवतवर्गीय धान्याचे दाणे विखुरलेले होते, तर गारगोटीच्या छिलक्यांचा खच दाराजवळ होता. हत्यारे घडवणारा उजेडाला बसत असावा. झोपडीत कोणते काम कुठे चाले, हे केवळ कचऱ्याच्या जागेवरून समजले.

असे दाणे नुसत्या डोळ्यांनी क्वचितच दिसतात. त्यासाठी उत्खननातली माती पाण्यात ढवळतात. जळून कोळसा झालेले बी हलके असल्याने वर तरंगते आणि बारीक जाळीत गोळा होते. ही प्लवन पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. त्याआधीच्या उत्खननांत असे किती धान्य मातीबरोबर ढिगाऱ्यावर गेले असेल, याचा विचार न केलेला बरा. मातीच्या भांड्यांच्या अंगात मुरलेली चरबीही आता रासायनिक विश्लेषणाने ओळखता येते. वायव्य अनातोलियातील (आजच्या तुर्कस्तानातील) इ. स. पू. सातव्या सहस्रकातल्या खापरांत दुधाची स्निग्धद्रव्ये आढळली. पोलंडमधली सुमारे ७,००० वर्षांपूर्वीची भोकांची खापरे चीज गाळण्यासाठी वापरली जात, हेही याच मार्गाने ठरले.

माणसाची हाडेही कामाची नोंद ठेवतात. सीरियात युफ्रेटिसकाठच्या अबू हुरेरा या नवाश्मयुगीन (शेतीच्या सुरुवातीच्या काळातल्या) वस्तीतील सांगाड्यांत हाडांच्या अभ्यासक थेया मॉलेसन यांना पायाच्या अंगठ्याचे सांधे झिजलेले, गुडघ्यांवर ताणाच्या खुणा असलेले आणि पाठीचे खालचे मणके खराब झालेले दिसले, आणि तेही प्रामुख्याने स्त्रियांत. गुडघे टेकून, पायाची बोटे मुडपून, पुढे-मागे झुकत तासन्‌तास पाट्यावर धान्य भरडल्यावर नेमके हेच भाग झिजतात. दळणाचे काम कोणाकडे होते, हे सांगणारा लेख त्या काळी असणे शक्यच नव्हते. दातांवरच्या किटणात खाल्लेल्या अन्नाचे पिष्टकण (स्टार्चचे कण) अडकून राहतात. दंतवल्कातील (दाताच्या कठीण बाह्य आवरणातील) स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांवरून, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, माणसाचे बालपण त्याच भूभागात गेले की तो बाहेरून आला, याचा अंदाज बांधता येतो.

कधी कधी मात्र लिखाणच मदतीला येते. इजिप्तमधील देर एल-मदिना ही राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांची वस्ती. तिथल्या एका चुनखडीच्या कपच्यावर दुसरा रामसेस या राजाच्या कारकिर्दीच्या ४० व्या वर्षातले हजेरीपत्रक आहे. गैरहजेरीच्या तारखा काळ्या शाईत, त्यांच्या वर तांबड्या शाईत कारणे: विंचू चावला, डोळे आले, बिअर गाळायची होती, आईचे अंत्यसंस्कार होते. अर्थात ही सांगितलेली कारणे आहेत. खरी किती, हे मुकादमालाच ठाऊक. बोलणे आणि वागणे यांतल्या या फरकाचा आधुनिक पुरावाही आहे. पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅथ्जे यांनी १९७३ पासून अमेरिकेतील टूसॉन शहराचा ताजा कचरा पुरातत्त्वीय शिस्तीने तपासला, तेव्हा लोक मुलाखतीत सांगतात त्याहून मद्याचे डबे आणि बाटल्या कचऱ्यात जास्त निघाल्या.

एकेका पुराव्यापेक्षा अनेक पुरावे एकत्र आले की चित्र भरते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेले उत्खनन याचे चांगले उदाहरण आहे. तिथे सुरुवातीला प्रशस्त चौकोनी घरे होती, सातूची शेती होती. इ. स. पू. १००० नंतरच्या उत्तर जोर्वे थरांत (जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यात) लहान गोल झोपड्या दिसतात. हवामान कोरडे होत गेल्याने लोक शेतीकडून अर्धभटक्या जीवनाकडे वळले, अशी पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांची मांडणी आहे. घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन मडक्यांत मुलांची दफने होती. मृत मूल घरातच का ठेवत, यावर मात्र निव्वळ तर्कच करता येतो.

या सगळ्या पुराव्याला एक मोठी गळती आहे. दगड आणि खापर टिकते; कापड, चामडे, लाकूड, टोपल्या बहुतेक ठिकाणी कुजून जातात. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या माणसाजवळ चामड्याचे कपडे, गवत भरलेली पादत्राणे आणि भूर्जाच्या सालीची भांडी होती. तोच ओलसर-उबदार मातीत पुरला गेला असता, तर तांब्याची कुऱ्हाड आणि गारगोटीची थोडी हत्यारे यांपलीकडे त्याच्या सामानातले फारसे काही हाती लागले नसते.