पार्श्वभूमी : ‘घरीच शिकवा’ आणि सीमाभागातले पालक

विशेष गरजा असलेल्या मुलांना नेहमीच्या शाळेत सामावून घेण्याची केंद्राची योजना १९७४ची. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्याने त्यांना अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण दिले. दोन्हींत पालक म्हणजे मुलाला आणून सोडणारा आणि अपंगत्वाच्या दाखल्यासाठी खेटे घालणारा, एवढाच. ‘सर्व शिक्षा’ अभियान आल्यावर तालुक्याच्या बीआरसीत (गट साधन केंद्रात) अशा मुलांसाठी फिरते शिक्षक नेमले गेले.

खरा पेच २०१२चा. त्या वर्षी शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि तीव्र किंवा एकाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय मिळाला. कायद्याची ओळ नीट वाचावी : निवडीचा हक्क मुलाचा आहे, त्याला घरी धाडण्याचा अधिकार शाळेला दिलेला नाही. जे मूल अंथरुणातून उठू शकत नाही त्याचे नाव निदान पटावर तरी येईल, ही पर्यायाची जमेची बाजू. पण रॅम्प, संडास, मदतनीस यांच्या खटाटोपापेक्षा ‘घरीच शिकवा’ म्हणणे शाळेला सोपे, हा आक्षेप तेव्हापासून आहे आणि तो खोडणे अवघड. फिरता शिक्षक अधूनमधून येणार. मधल्या दिवसांची शाळा आईच चालवते. भरवताना मान कशी धरायची, खुणांनी कसे बोलायचे, हे तिला कोणी शिकवायचे, यावर दुरुस्तीत अवाक्षर नाही.

सीमाभागात त्यात भाषेची गाठ. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय घटनेच्या ३५०-अ कलमात १९५६ साली आली. मुलाची भाषा आली, आईबापांची राहिली. कारभार कन्नडमध्ये, त्यामुळे वरून येणारे परिपत्रकही कन्नड. त्यातले ‘पोषकरु’ म्हणजे पालक. मराठी कानाला तो खिचडीच्या फळ्यावरचा शब्द वाटतो. ‘विकलचेतन’, म्हणजे अपंग, त्याहून अवघड. कन्नडमध्ये तो सभ्य, सरकारी शब्द. मराठी आईला त्यातले ‘विकल’ तेवढे ऐकू येते. शाळेत ‘विकलचेतन’, पेपरात २०१५नंतरचा ‘दिव्यांग’ आणि गल्लीत अजून ‘मतिमंद’. ज्या कागदावर सही केली की मूल घरी बसते, तो आधी मराठीत वाचून दाखवायला शाळेला पैसा लागत नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले आणि ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवड दिली. जास्त आधार लागणाऱ्या मुलाच्या सोबत्याच्या प्रवासाची सोयही त्यात आहे. अपंगत्वाचा दाखला देशभर चालतो, हेही त्यातलेच. राहणे निपाणीत आणि डॉक्टर कोल्हापूर-मिरजेला, अशा घरांना हे कलम मुख्याध्यापकांनी पालकसभेत सांगायला हवे. २०१८पासून केंद्राच्या ‘समग्र शिक्षा’ योजनेत अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद झाली, मुलींना महिना २०० रुपये भत्ता वेगळा.

पालकांना शिकवण्याची गोष्ट ठळकपणे आली ती २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, तीही तंत्रज्ञानाच्या आधारे, म्हणजे बहुतेक मोबाईलवरच. घरच्या शिक्षणाचा उपयोग होतो की नाही, याची तपासणी करावी, असेही त्याच धोरणात लिहिले आहे.