आरव्ही प्रवेश-पायऱ्या

आरव्ही या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निवासी पर्यटन वाहनांच्या, म्हणजे मोटरहोम, कॅरॅव्हॅन, फिफ्थ-व्हील ट्रेलर (पिकअप ट्रकच्या हौद्यात जोडून ओढायचा मोठा ट्रेलर) आदींच्या दाराशी बसवलेली आणि प्रवासात आवरून ठेवता येणारी पायऱ्यांची रचना. चाके, आस, स्प्रिंगा आणि पाण्याच्या टाक्या फरशीखाली असल्याने ही फरशी जमिनीपासून बरीच उंच राहते. कॅम्पर व्हॅनमध्ये एका पायरीने काम भागते. मोठ्या फिफ्थ-व्हीलमध्ये तीन-चार लागतात. पायरी वाहनाच्या रुंदीबाहेर आलेली चालत नाही आणि फार खाली लोंबलेलीही चालत नाही, त्यामुळे ती दुमडणारी, सरकणारी किंवा वेगळी काढून ठेवण्याजोगी असावी लागते.

उगम : या पायऱ्यांचा उगम दोन ठिकाणी दाखवला जातो. ब्रिटनमधील रोमानी समाजाच्या घोड्याने ओढायच्या ‘वार्डो’ या घरगाड्या साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रचारात आल्या असे मानतात. त्यांच्या बहुतेक प्रकारांत दार पुढच्या बाजूस, घोडा जुंपायच्या दांड्यांमध्ये उघडे. घोडा सोडल्याशिवाय तेथे पायऱ्या लावताच येत नसत. म्हणून त्या सुट्या लाकडी असत. मुक्कामी लावायच्या, निघताना काढून गाडीला अडकवायच्या. ‘ब्रश वॅगन’ हा प्रकार याला अपवाद होता. त्याचे दार आणि पायऱ्या मागे असत. दुसरे मूळ बग्ग्या आणि लँडो (दुमडत्या छताच्या घोडागाड्या) यांच्या लोखंडी घडीच्या पायऱ्यांत शोधतात. या पायऱ्या दाराच्या आत किंवा खाली दुमडून राहत आणि नोकर दार उघडून त्या खाली सोडी. काही बग्ग्यांत दार उघडताच पायरी आपोआप बाहेर येईल अशी जोडणीही केलेली आढळते.

हौशी घरगाडीचा आरंभ सामान्यतः 1885 मध्ये डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी ब्रिस्टल येथे बांधून घेतलेल्या ‘वाँडरर’पासून धरतात. तिची वंशावळ वार्डोशी जोडण्याचा मोह स्वाभाविक आहे आणि वापराच्या रीतीपुरता तो योग्यही आहे, कारण मुक्काम करायचा आणि मग पायरी लावायची ही शिस्त तिथलीच. यंत्ररचनेच्या दृष्टीने मात्र बग्गीचा दावा अधिक भक्कम वाटतो. आजची दुमडती पायरी बिजागऱ्या आणि समांतर पट्ट्यांवर चालते, सुट्या लाकडी शिडीवर नव्हे. शिवाय आरंभीची मोटरवाहने बग्ग्यांच्याच कारखान्यांत किंवा त्या परंपरेतील कारागिरांच्या हातून घडली. 1910 मधील पिअर्स-ॲरो कंपनीच्या ‘टुरिंग लँडो’ या वाहनाच्या नावातच हा वारसा दिसतो. रेल्वेच्या डब्यापाशी हमालाने ठेवायची सुटी चौरंगी पायरी हे तिसरे मूळ क्वचित सुचवले जाते. आजही अनेक आरव्हीधारक दारापाशी ठेवतात ते सुटे पायरी-स्टूल तिच्याशी जुळते, एवढेच म्हणता येईल.

प्रकार : हाताने उघडायची दुमडती पायरी सर्वांत जुनी आणि स्वस्त. ती चासीला, म्हणजे वाहनाच्या खालच्या सांगाड्याला, अधांतरी टांगलेली असते आणि जमिनीला टेकत नाही. विजेवर चालणारी पायरी मुख्यतः मोटरहोममध्ये दिसते. तिची मोटर 12 व्होल्टवर चालते. तिसरा प्रकार जमिनीवर टेकणाऱ्या भक्कम पायऱ्यांचा. त्या दाराच्या चौकटीत बसवतात आणि प्रवासात उचलून दाराच्या आत उभ्या करतात. अमेरिकेत या क्षेत्रात लिपर्ट आणि मोरराइड या इंडियाना राज्यातील कंपन्यांची नावे प्रामुख्याने येतात. विजेच्या पायऱ्यांचे ‘क्विकी’ हे जुने नाव 2014 मध्ये लिपर्टकडे आले. युरोपीय मोटरहोमांत चासीखालून आडवी सरकत बाहेर येणारी एकपदरी पायरी अधिक रूढ आहे.

चढाचे गणित : निवडीच्या चर्चेत पायरीची भारक्षमता, धातू आणि किंमत यांवर भर दिला जातो. वापरातील सुख-दुःख मात्र प्रामुख्याने एकाच गोष्टीवर ठरते. दोन पायऱ्यांमधील उभे अंतर, म्हणजे चढ, सर्वत्र सारखा आहे का? फरशीची उंची भागिले पायऱ्यांची संख्या अधिक एक, एवढे साधे हे गणित आहे. फरशी 81 सेंमी उंच आणि पायऱ्या तीन असतील तर चढ चार होतात, प्रत्येकी सुमारे 20 सेंमीचे. पायऱ्या दोनच असतील तर 27 सेंमी चढावे लागते. अमेरिकेतील निवासी बांधकामाच्या आदर्श संहितेत घरच्या जिन्याचा चढ 7¾ इंचांपर्यंत, म्हणजे 196 मिमीपर्यंतच चालतो आणि एकाच जिन्यातील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान चढांत ⅜ इंच, म्हणजे साधारण 9.5 मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. ही दुसरी मर्यादा इतकी कडक असण्याचे कारण असे की पहिल्या एक-दोन पावलांत पाय उंचीचा अंदाज घेतो आणि पुढे डोळ्यांना न विचारता तीच उंची गृहीत धरतो. आरव्हीला ही संहिता लागू नाही, पण पाय तेच असतात.

पायरीची रुंदी, म्हणजे पाऊल टेकायच्या जागेची पुढून मागची खोली, ठरवताना सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील फ्रेंच वास्तुविद फ्रांस्वा ब्लाँडेल याचा नियम पुष्कळदा पुढे केला जातो. दोन चढ आणि एक रुंदी यांची बेरीज 24 जुने फ्रेंच इंच, म्हणजे सुमारे 65 सेंमी असावी, असा तो नियम. चढ 20 सेंमी असेल तर रुंदी 25 येते आणि ती पटण्यासारखी आहे. चढ 25 झाला की रुंदी 15 सेंमी निघते. एवढ्या पायरीवर प्रौढ माणसाचे पाऊल मावत नाही; उतरताना आडवे किंवा पाठमोरे व्हावे लागते. म्हणजे आरव्हीच्या पायऱ्या जेथे सर्वांत त्रासदायक असतात नेमका तेथेच हा नियम निरुपयोगी ठरतो. तेव्हा रुंदी निदान पाऊलभर धरून चढ कमी करणे, म्हणजेच एक पायरी वाढवणे, हा मार्ग श्रेयस्कर दिसतो. पायऱ्या मागच्या बाजूने उघड्या असल्यामुळे चढताना पायाचा चवडा थोडा आत सरकतो आणि अरुंद रुंदी खपून जाते. उतरताना ही सवलत मिळत नाही.

हे सर्व गणित सपाट जमिनीवरचे. मुक्कामाची जागा क्वचितच तशी असते. समजा, मोटरहोमच्या पुढील व मागील आसांत 6 मीटर अंतर आहे आणि जमीन पुढच्या बाजूस 3 टक्के उताराची आहे. वाहन समतल करण्यासाठी पुढचा भाग जॅकने सुमारे 18 सेंमी उचलावा लागेल. दार पुढच्या आसापाशी असेल तर पायऱ्याही तेवढ्याच वर जातात आणि 20 सेंमीचा शेवटचा चढ 38 सेंमीचा होतो. ट्रेलर समतल करताना तो आसाभोवती कलतो. त्यामुळे आसाच्या 3 मीटर पुढे असलेल्या दाराशी हाच फरक साधारण 9 सेंमी येतो आणि आसाजवळच्या दाराशी जवळजवळ येतच नाही. म्हणून दाराची जागा पाहिल्याशिवाय पायऱ्यांची संख्या ठरवणे अपुरे होय. जमिनीवर टेकणाऱ्या पायऱ्यांचे पाय खिट्टी काढून कमी-जास्त करता येतात. त्यामुळे वरच्या पायऱ्या समतल राहतात, पण उंचीतला फरक नाहीसा होत नाही. तो शेवटच्या चढात साठतो. तेथे सुटे स्टूल ठेवण्याची जुनी युक्तीच कामी येते. मात्र त्याचे पाय रुंद आणि रबरी बुडाचे असावेत.

भार आणि हेलकावे : दुमडत्या पायऱ्यांवर 300 ते 400 पौंड, म्हणजे सुमारे 136 ते 181 किलो भारक्षमता नोंदलेली आढळते. हा आकडा स्थिर भाराचा असेल तर त्याने निश्चिंत होऊ नये. उतरताना पाय टेकतो त्या क्षणी पायरीवर शरीराच्या वजनाच्या दीडपटीएवढा जोर येऊ शकतो. अधांतरी पायरीत हा भार बिजागरीपासून दूर पडतो. 100 किलो वजनाचा माणूस बिजागरीपासून 45 सेंमीवर नुसता उभा राहिला तरी चासीच्या जोडावर सुमारे 440 न्यूटन-मीटर पीळ येतो. पायरी पुढे झुकणे, बोल्टांची भोके लांबट होणे आणि प्रत्येक पावलाला सगळे वाहन डुलणे हे त्याचेच परिणाम आहेत. खालच्या पायरीखाली स्क्रूचा टेकू लावल्यास डुलणे बरेच थांबते; मात्र वाहन समतल केल्यानंतरच तो लावावा आणि जॅक खाली घेण्यापूर्वी न विसरता काढावा. टेकू राहिला तर वाहनाचे वजन पायरीवर येते.

जमिनीवर टेकणाऱ्या पायऱ्या भार थेट जमिनीत सोडतात, म्हणून त्या न डुलणाऱ्या म्हणून पसंत केल्या जातात. त्यांचे तोटे कमी सांगितले जातात. त्या दाराच्या चौकटीच्या मापानेच घ्याव्या लागतात. उचलून आत ठेवताना तळाला लागलेला चिखल घरात येतो. प्रवासात मध्येच आत डोकवायचे तरी सगळी रचना खाली उतरवावी लागते. ज्याचे मनगट किंवा पाठ अधू आहे त्याला गॅस-स्प्रिंगचा आधार असूनही हे रोजचे उचलणे जड जाते. रोज मुक्काम बदलणाऱ्यास दुमडती आणि आठवडेच्या आठवडे एका जागी राहणाऱ्यास टेकणारी पायरी सोयीची, असा ढोबळ विभाग करता येईल.

विजेची पायरी : दाराच्या चौकटीतील चुंबकीय स्विच दार उघडल्याची खूण नियंत्रकाला देतो आणि मोटर पायरी बाहेर काढते. पायरी टोकाला अडली की मोटरचा विद्युत्प्रवाह वाढतो. तो ओळखून नियंत्रक मोटर थांबवतो. मुक्कामात पायरी बाहेरच ठेवण्यासाठी वेगळे बटण असते. इग्निशन चालू असताना दार बंद केले की हे बटण काहीही असो, पायरी आत जावी अशी जोडणी अनेक रचनांत असते. तिच्यामुळे पायरी बाहेर राहून कुंपणाला किंवा पदपथाच्या कडेला आपटण्याचा धोका टळतो. याच सोयीची दुसरी बाजू म्हणजे कोणी पायरी बाहेरच आहे असे समजून दार उघडता उघडता पाऊल टाकतो आणि ती अजून येतच असते. बिघाडात मोटर जळण्यापेक्षा अर्थिंगच्या तारेला गंज चढणे किंवा मोटर आणि सांधा यांमधील जोड झिजणे अधिक आढळते.

पृष्ठभाग, कठडा, निगा : जाळीदार पायरीतून पाणी व माती खाली पडते, पण ती अनवाणी पायांना बोचते. खरखरीत लेप किंवा चिकटपट्टी दोन्हींचा मेळ घालते. गालिचा गुंडाळल्यास पायांना बरे वाटते, ओल मात्र धरून राहते. दाराशेजारी दुमडणारा कठडा असणे पायरीच्या प्रकाराइतकेच महत्त्वाचे आहे आणि तो पत्र्याला नव्हे, आतील सांगाड्याला पक्का असावा. बिजागऱ्यांतील धूळ काढून मगच वंगण द्यावे. धुळीच्या प्रदेशात ग्रीसपेक्षा कोरडे वंगण बरे.