पायाने जमीन दाबली की हनुवटी का हलते?

आधी एक करून बघा, मग पुढचं वाचा. (हा फेल्डेनक्राइस पद्धतीतला छोटासा धडा आहे, म्हणजे जमिनीवर झोपून, सावकाश हालचाली करत शिकण्याची पद्धत.) जमिनीवर सतरंजी टाका (गादी नको, गादीत अंग रुततं आणि काही कळत नाही), उताणे झोपा, गुडघे दुमडून तळपाय टेकवा. आता दोन्ही तळपायांनी जमीन हलकेच दाबा, एखादं भांडं पायाने सरकवायला लागेल तेवढ्याच जोराने, आणि सोडा. आठ-दहा वेळा. कंबर जमिनीकडे जाते हे तर लगेच कळेल, पण मान खरंच सैल असेल तर प्रत्येक दाबाबरोबर हनुवटीसुद्धा किंचित छताकडे जाते.

माझ्या आईकडून हे पहिल्यांदा करून घेतलं तेव्हा तिची हनुवटी हललीच नाही, कारण ती दात घट्ट मिटून, श्वास रोखून, शाळेतल्या पीटीसारखं करत होती. मी म्हटलं अगं आई निम्म्या जोराने कर, मग त्याच्याही निम्म्या, आणि मग मधेच तिचा श्वास मोठ्याने सुटला आणि डोकं आपोआप हलायला लागलं. ती डोळे न उघडता म्हणाली, "हे मी नाही करत आहे."

यामागे साधं यंत्रशास्त्र आहे. तळपायाचा रेटा नडगीतून मांडीच्या हाडात, तिथून खुब्यात जातो, खुबा पेल्व्हिसला म्हणजे कंबरेखालच्या परडीसारख्या हाडाला ढकलतो, ती परडी मागे कलंडते, आणि रेटा मणक्यामणक्यातून कवटीच्या बुडाशी पोचतो. वाटेत कुठेही स्नायू आखडून बसला असेल तर रेटा तिथेच अडतो.

हे असं बघणारा माणूस मुळात इंजिनिअर होता. मोशे फेल्डेनक्राइस, जन्म 1904, आजच्या युक्रेनमधला, पोरवयातच पॅलेस्टाइनला गेला, पुढे पॅरिसमध्ये शिकला, तिथे अणुशास्त्रज्ञ जोलिओ-क्युरींच्या प्रयोगशाळेत काम केलं आणि ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांच्या ओळखीतून ज्यूदोतही मुरला. फुटबॉल खेळताना गुडघा गेला, ऑपरेशनने बरा होईलच याची खात्री नव्हती, म्हणून त्याने ते टाळलं आणि आपण चालतो कसं, पाय कुठे पडतो, कंबर कधी वळते, हे स्वतःवरच तपासत बसला. पुढे तेल अवीवमध्ये तो जमिनीवर झोपवून शेकडो धडे घ्यायचा. इस्रायलचे पंतप्रधान बेन-गुरियन त्याच्याकडे पाठदुखी घेऊन आले आणि म्हातारपणी शीर्षासन शिकले, समुद्रकिनाऱ्यावरचा तो 1957 चा फोटो प्रसिद्ध आहे.

आता जमिनीवरच का? उभं असताना आपण पडू नये म्हणून पाय-पाठीचे कितीतरी स्नायू सतत कामाला असतात. झोपलं की ते काम सुटतं, आणि मग बारीक फरक जाणवतात. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ वेबर यांनी दाखवलं होतं की फरक जाणवणं आधी किती भार आहे त्यावर ठरतं, म्हणजे पाठीवर तांदळाचं पोतं असेल तर वर मूठभर तांदूळ टाकलेले कळत नाहीत, पण रिकाम्या ओंजळीत चिमूटभर टाकले तरी कळतात. म्हणून या धड्यांत हालचाल इतकी छोटी आणि सावकाश असते. मेंदूला तीच हालचाल करण्याच्या दोन पद्धतींतला फरक कळला तरच तो सोपी पद्धत उचलेल ना, जोर लावला की तो फरकच बुजून जातो. मला तर हेच या सगळ्याचं मर्म वाटतं, आणि "स्ट्रेचिंग करा" एवढंच सांगणारे नेमकं हेच सोडून देतात.

श्वासाचं नातं तर शरीररचनेतच आहे. डायफ्रॅम म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा फक्त फासळ्यांना चिकटलेला नसतो, त्याचे मागचे दोन जाड पट्टे थेट कंबरेच्या मणक्यांना जोडलेले असतात. श्वास घेतला की डायफ्रॅम खाली येतो, पोट फुगतं, ओटीपोटाचा तळही थोडा खाली जातो. सोडला की सगळं परत वर. म्हणजे पेल्व्हिस प्रत्येक श्वासाला झुलायला तयारच असते, आपणच पोट आत ओढून तिला धरून ठेवतो. एक धडा असा आहे की श्वास घेऊन क्षणभर थांबायचं आणि हवा बाहेर न सोडता छाती आत पोट बाहेर, मग पोट आत छाती बाहेर, सीसॉसारखं पाच-सहा वेळा करून सोडून द्यायचं. (बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर श्वास रोखू नका, आधी डॉक्टरांना विचारा.) त्यानंतर कंबर जमिनीवर जी पसरते ती बघण्यासारखी असते.

आणि पाऊल! एका पावलात 26 हाडं, दोन्हींत मिळून 52, म्हणजे शरीरातल्या 206 पैकी चौथा हिस्सा, आणि आपण ती दिवसभर बुटात कोंबून ठेवतो. धड्यात हाताची बोटं पायाच्या बोटांमध्ये अडकवून पाऊल हळूहळू फिरवतात, किंवा झोपून तळव्याची आतली कड उचल, मग बाहेरची उचल असं करतात. कड उचलली की नडगी वळते, मांडी वळते, आणि खुबा हलतो. पेटका आला तर थांबा, रेटू नका.

पुराव्याचं खरं सांगायचं तर तो अजून तोकडा आहे. वयस्क माणसांच्या तोलाबद्दल काही अभ्यास आशादायक आहेत पण छोटे, आणि ऑस्ट्रेलिया सरकारच्या 2015 च्या पाहणीत ही पद्धत उपयोगी असल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नव्हता. त्यामुळे स्लिप डिस्क बरी होते वगैरे कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, शिकण्याची पद्धत म्हणून करा.

करायचंच असेल तर आज फक्त उजव्या पायाने करा. वीस-पंचवीस वेळा दाबा-सोडा, मधे विश्रांती घ्या, मग दोन्ही पाय लांब करून नुसते पडून राहा. उजवी टाच जास्त जड वाटेल, तो पाय लांबही वाटेल, उजवा नितंब जमिनीवर जास्त पसरलेला असेल. डाव्या बाजूने करून लगेच सारखं करायची घाई नको. तसेच उठा आणि घरात दोन फेऱ्या मारा, अनवाणी.