झटक्यानंतरची मिट्रल झडपेची गळती आणि शस्त्रक्रिया

हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या भिंतीचा एखादा भाग रक्ताविना मरतो. त्यामुळे डाव्या अलिंदाला (वरच्या कप्प्याला) डाव्या निलयापासून (खालच्या कप्प्यापासून) वेगळी ठेवणारी मिट्रल म्हणजे द्विदली झडप कधीकधी नीट मिटेनाशी होते. निलय आकुंचन पावले की काही रक्त महाधमनीत न जाता उलटे फुप्फुसांकडे रेटले जाते. यालाच लोक ‘व्हॉल्व्ह लीक आहे’ म्हणतात.

कोकणातल्या जुन्या माणसांना झडपेचा आजार माहीत असतो तो लहानपणीच्या सांधेतापातून जडणारा. त्यात झडपेच्या पाकळ्याच जाड होतात, आखडतात. झटक्यानंतरच्या गळतीत पाकळ्या बहुधा धडधाकट असतात, बिघडलेली असते ती भिंत. खारभूमीच्या बांधातली उघाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. ओहोटीला ती शेतातले पाणी बाहेर सोडते आणि भरतीचा रेटा आला की मिटते. पण बांध खचून चौकट फाकली, तर फळी शाबूत असूनही खाडीचे पाणी शेतात शिरते. झटक्यानंतर निलय पसरते, झडपेचे कडे रुंदावते आणि पाकळ्यांना बांधलेल्या दोऱ्या खाली ओढल्या जातात, त्यामुळे पाकळ्या एकमेकींना भिडत नाहीत. ही गळती आठवड्या-महिन्यांत हळूहळू वाढते. चढावर दम लागतो, रात्री उशाला दोन उश्या लागतात, पाय सुजतात.

दुसरा प्रकार क्वचित होतो, पण जीवघेणा असतो. दोऱ्या ज्या पॅपिलरी स्नायूंना बांधलेल्या असतात त्यांपैकी एक झटक्यानंतर बहुधा दोन ते सात दिवसांत फाटतो. मागच्या स्नायूला सहसा एकाच रोहिणीचे रक्त मिळते, पुढच्याला दोन रोहिण्यांचे, म्हणून फाटणारा बहुतेक वेळा मागचाच असतो. रुग्ण एकाएकी गुदमरतो, तोंडाला गुलाबी फेस येतो, रक्तदाब कोसळतो. अशा वेळी स्टेथोस्कोपला गळतीचा आवाज मंद येतो, कधी येतच नाही. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केल्यावरच निदान पक्के होते. शस्त्रक्रियेविना यातून फार थोडे वाचतात, आणि शस्त्रक्रियेतही धोका मोठाच असतो. बंद रोहिणी वेळेत उघडणे हा यावरचा खरा प्रतिबंध आहे. छातीतली कळ ‘गॅस’ समजून ओवा-सोडा घेत रात्र काढली की तीच वेळ हातची जाते.

शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड कापून रुग्णाला हृदय-फुप्फुस यंत्रावर घेतात आणि हृदय थांबवतात. बायपासही बहुधा त्याच वेळी होते. झडपेसाठी दोन वाटा आहेत. एक म्हणजे दुरुस्ती: फाकलेल्या कड्याला लहान मापाची रिंग शिवून पाकळ्या जवळ आणणे. रिंगची ही पद्धत फ्रेंच शल्यविशारद आलँ कार्पाँतिए यांनी रुजवली. दुसरी म्हणजे बदल: दोऱ्या शक्य तितक्या जपून नवी झडप बसवणे. फाटलेल्या स्नायूत बहुधा बदलच करावा लागतो.

आपली झडप राखणे कधीही चांगले, असे कोणालाही वाटेल. पण तीव्र गळतीच्या 251 रुग्णांच्या अमेरिका-कॅनडातील चाचणीच्या 2016 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन वर्षांनी दुरुस्ती केलेल्यांपैकी 58.8 टक्क्यांना मध्यम किंवा तीव्र गळती पुन्हा झालेली आढळली. बदल केलेल्यांत हे प्रमाण 3.8 टक्के होते. मृत्यूच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक नव्हता. बांध पुढे खचतच राहिला तर चौकट आवळून किती दिवस भागणार? छाती न उघडता मांडीच्या शिरेतून झडपेच्या पाकळ्यांना चिमटा लावण्याचा उपायही आहे. 2018 च्या दोन चाचण्यांत एकीत त्याचा मोठा फायदा दिसला, दुसरीत दिसला नाही. म्हणून त्यासाठी रुग्ण पारखून निवडावा लागतो.

रायगडचा रुग्ण सहसा मुंबईला जातो, रत्नागिरीचा मुंबईला किंवा आंबा घाट चढून कोल्हापूरला, सिंधुदुर्गातले बरेच जण गोव्यात बांबोळीला. हळू वाढणाऱ्या गळतीत हा प्रवास ठरवून करता येतो. फाटलेल्या स्नायूच्या रुग्णाला मात्र पावसाळ्यातला घाट परवडत नाही. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडपेच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे.

झडप धातूची की प्राण्याच्या ऊतीची, हे मुख्यतः वय पाहून ठरते. भारतीय बनावटीची चित्रा झडप तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडली आणि डिसेंबर 1990 मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. ऊतीची झडप वर्षांनुवर्षे वापरून झिजते. धातूची टिकते, पण तिच्यावर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी चाचणी) तपासत राहावे लागते. पावसाळ्यात टाकळा, अळू, शेवग्याचा पाला ताटात रोज येऊ लागला की त्यातल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा असर कमी होतो. भाजी सोडायची नसते, रोजचे प्रमाण सारखे ठेवायचे असते. सुक्या बांगड्याचे आणि खाऱ्या मासळीचे तसे नाही. निलय अशक्त असेल तर त्यातले मीठ अंगात पाणी धरते, आणि पायांची सूज सर्वांत आधी तेच सांगते.